देवमाशाचे दर्शन

श्रीलंकेस जाणारी आपली मंडळी बहुधा कॅंडीचे दंतमंदिर आणि नुवारा एलियाचे चहाचे मळे पाहून परततात. दक्षिण टोकाकडे फारसे कोणी वळत नाही. आम्ही बडोद्याची सात माणसे गेल्या फेब्रुवारीत तिकडे वळलो, ती केवळ देवमासा पाहावयाचा म्हणून. गाले या तटबंदीच्या जुन्या शहरापासून पूर्वेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर मिरिस्सा हे मासेमारांचे गाव आहे. २००४ च्या त्सुनामीने हा सारा किनारा झोडपला होता. २००९ साली देशातील यादवी संपली, प्रवासी पुन्हा येऊ लागले, आणि मासेमारीच्या या बंदरातून सुटणाऱ्या, देवमासे दाखविणाऱ्या नावाही वाढल्या.

नोव्हेंबर ते एप्रिल हा येथला हंगाम. त्यानंतर नैर्ऋत्येचे वारे सुटतात आणि समुद्र खवळतो. देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येण्याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. येथील उथळ पट्टा फार अरुंद असून थोडे अंतर गेले की तळ एकदम खोल उतरतो. अशा पाण्यात देवमाशाला त्याचे खाद्य मिळते. निळे देवमासे थंड समुद्रात खातात आणि उष्ण समुद्रात केवळ विणीसाठी येतात, असा पूर्वी समज होता. २००३ साली श्रीलंकेच्या संशोधिका आशा डी व्होस यांना या समुद्रात देवमाशाची लालसर विष्ठा तरंगताना दिसली. ज्या अर्थी विष्ठा आहे त्या अर्थी तो येथेच जेवतो, हा साधा तर्क त्यांनी केला. त्यातूनच पुढे मोठे संशोधन उभे राहिले.

सकाळी साडेसहाला आमची नाव निघाली. प्रत्येकाच्या अंगावर नारिंगी जाकीट, आणि सौभाग्यवतींच्या पिशवीत आल्याच्या वड्या. त्या वड्यांनी त्या दिवशी परक्यांचीही पोटे सांभाळली! आमचा वाटाड्या सिंहली तरुण होता. देवमाशाला त्यांच्या भाषेत ‘तल्मसा’ म्हणतात, असे त्याने सांगितले. त्यातला ‘मसा’ आमच्या कानांना लगेच ओळखीचा वाटला. गंमत अशी की दोन्ही भाषांनी ज्याला मासा ठरविले, तो मुळी मासा नव्हेच. तो पिलाला दूध पाजतो आणि आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते, म्हणून तो आपल्याला दिसतो. त्याच्यावरचे संकटही तेथेच ओढवते.

दोन तास केवळ पाणी पाहण्यात गेले. मग वाटाड्याने हात उंच केला. दूरवर पंचवीस-तीस फूट उंचीचा सरळ फवारा उठला आणि वाऱ्यावर विरला. त्यामागून निळसर राखी पाठ वर आली आणि सरकतच राहिली. आता संपेल, आता संपेल असे म्हणावे, तरी ती संपेना. एस.टी.च्या दोन गाड्या एकीपुढे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढा तो जीव असावा. नावेवर कोणी बोलेना.

इतक्यात इतर चार-पाच नावाही त्याच दिशेने धावल्या, आणि एक तर त्याच्या वाटेत आडवी शिरली. देवमाशापासून शंभर मीटर दूर राहावे असा तेथील सरकारचा २०१२ चा नियम आहे. आमच्या तांडेलाने यंत्र मंद करून नाव दूरच ठेवली. काही प्रवासी कुरकुरले, “एवढे पैसे भरून लांबूनच पाहायचे का?” वाटाड्या शांतपणे म्हणाला, “तो बुडी मारण्यापूर्वी काही श्वास घेतो. ते त्याला पुरे घेऊ द्या.” देवमासा चार-पाच वेळा फवारला, मग पाठ कमानीसारखी वाकवून, रुंद शेपूट पाण्याबाहेर उचलून खोल गेला. पुन्हा वर यायला त्याला दहा-बारा मिनिटे लागली. आम्ही थांबलो, आणि तो पुन्हा दिसला.

नावांहून मोठे संकट क्षितिजावर दिसत होते. मलाक्का आणि सुएझ यांना जोडणारा, जगातील अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग डोंड्रा भूशिराजवळून जातो, तो नेमका देवमाशांच्या चरण्याच्या पाण्यातून. जहाजांची धडक बसून येथे देवमासे मरतात. २०२२ साली एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे अधिक दक्षिणेकडून नेण्याचे ठरविले. यावरून दिसते की वाट थोडी वाकडी करणे अशक्य नाही.

या समुद्राने याहून वाईट दिवस पाहिले आहेत. १९६३ ते १९६६ या काळात सोव्हिएत ताफ्यांनी आपल्या अरबी समुद्रात बाराशेहून अधिक निळे देवमासे गुपचूप मारले. १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. मारण्याची बंदी झाली, पण धडकेची आणि गर्दीची बंदी अशा ठरावाने होत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले होते. ते जगावे म्हणून गावकरी आणि अधिकारी यांनी त्याच्यावर पाणी ओतले, अहोरात्र खटपट करून त्याला समुद्रात लोटले. ते पिल्लू वाचले नाही, तरी माणसांनी कसर ठेवली नाही. ज्यांना गणपतीपुळ्याची ही माया समजते, त्यांना मिरिस्साचा शंभर मीटरांचा नियम जाचक वाटू नये. देवळातही आपण दर्शन उंबऱ्याबाहेरूनच घेतो. गाभाऱ्यात शिरल्याने देव अधिक दिसतो असे नाही.

वाचकांपैकी कोणी मिरिस्सास गेल्यास पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे, “तुमची नाव किती दूर थांबते?” ‘अगदी जवळ नेतो’ असे जो अभिमानाने सांगेल, त्याची नाव सोडून द्यावी. गिऱ्हाइकाला जे आवडते तेच बंदरात विकले जाते. आपण दूर राहणे पसंत केले, तर तांडेलही दूर राहतील.