खालाचं चुकलेलं गणित

खालाच्या मुलाला दर वीस दिवसांनी रक्त चढवावं लागायचं. पहाटेच्या एसटीनं मिरजेला जायचं, सोबत डबा, आणि तो झोपला की खाला उशाशी तसबीह ओढत बसायची. सुट्टीत मीही जायचे. 'थॅलेसेमिया मेजर' हे शब्द तेव्हापासून पाठ झाले. अर्थ कुणी सांगितला नाही, कारण घरात तो ठरलेला होता: खालाचं रक्त खराब, खालाचे गुनाह. खालूंबद्दल कुणी ब्र काढला नाही.

बीएस्सीला मेंडेलचे वाटाणे शिकताना मी वहीत त्या दोघांचा चौकोन मांडला. दोघंही वाहक. वाहक माणूस धडधाकट असतो, बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण नवरा-बायको दोघं वाहक निघाले, तर प्रत्येक खेपेला मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक खेपेला! खालाला कुणीतरी सांगितलं होतं, "एक झालं, आता पुढची तीन चांगली होतील." त्या भरवशावर मुलगी झाली. ती सहा वर्षं जगली.

ते गणित दुरुस्त करायला कुणी अर्धा तास खालासमोर बसायला हवं होतं. त्या अर्ध्या तासाचंही शिक्षण असतं, जेनेटिक कौन्सेलिंग, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६९ मध्येच सुरू झाला. आपल्याकडे अजून मोजक्या ठिकाणीच आहे. अब्बा म्हणाले, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तू करणार काय?"

"बोलणार."

"ते तर फुकटातही करतेस की!"

खरं तर बोलण्यापेक्षा गप्प राहणं अवघड जातं. समोरच्याचा निर्णय आपण घ्यायचा नाही, हा पहिला धडा. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. मक्केच्या फिक्ह परिषदेनं १९९० मध्ये, मूल गंभीर आणि उपचाराबाहेरचं व्यंग घेऊन येणार असेल, तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला अटींसह मुभा दिली. हे मोहल्ल्यात कुणाला ठाऊक नाही. मी ते समोर ठेवते, 'करा' म्हणत नाही. नात्यातलं लग्न वाईट, असंही म्हणत नाही. मामाची मुलगी करण्याची रीत आमच्याकडच्या हिंदू घरांतही आहे. आणि सिंधी, लोहाणा समाजात नात्याबाहेर लग्नं करूनही वाहक बरेच सापडतात. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, एवढंच.

प्रॅक्टिकलला आम्ही आपापलंच रक्त तपासलं. माझं एचबीए-टू ५.१ टक्के आलं. ३.५ च्या वर म्हणजे वाहक. अम्मी रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बसली, मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून आलं?" तिच्याकडून किंवा अब्बांकडून, मी म्हटलं. खालाच्या बहिणीला ते पटलं नाही.

आता मामूंच्या मुलाचं स्थळ आलंय. मला तो आवडतो, हे इथं लिहायला हरकत नाही. त्याला सगळं फोनवर सांगितलं, चौकोनासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं का?"

म्हटलं, "नाही, जेवून जा."