तारीख गेलेली तिकिटे

आमच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या वडिलांचे शिंप्याचे दुकान होते. दुकान बंद केल्यावर त्यांनी कात्री, टेप, बटणांचे डबे आणि हिशेबाच्या वह्या या पेटीत ठेवल्या. पेटीच्या तळाशी, एका वहीच्या पानांत, चार रंगीत तिकिटे आहेत. त्यांचा एकही कोपरा फाटलेला नाही, कारण ती तिकिटे कधी वापरलीच गेली नाहीत.

ही गोष्ट १९९७ सालची आहे. मी तेव्हा सातवीत होते आणि माझा भाऊ पहिलीत होता. जानेवारी महिन्यात आमच्या गावात एक प्रदर्शन भरले. तेथे एका मोठ्या मनोरंजन उद्यानाचा स्टॉल होता. स्टॉलवर आकाशपाळण्याचे भलेमोठे चित्र लावले होते. "आज घ्या, केव्हाही या," असे तेथील माणूस मोठ्याने सांगत होता. दीडशे रुपयांचे तिकीट तो एकशेवीस रुपयांना देत होता. भाऊ त्या चित्रासमोरून हलेना. बाबांनी क्षणभर विचार केला आणि चार तिकिटे घेतली. त्यांना चारशे ऐंशी रुपये पडले. आठ पँटींची ती शिलाई होती.

"मे महिन्याच्या सुटीत जाऊ," बाबा म्हणाले. भावाने त्या दिवसापासून रोज दिवस मोजायला सुरुवात केली.

पण मार्च महिन्यात आजी अंगणात पाय घसरून पडली. तिच्या पायाचे हाड मोडले. मे महिना दवाखान्याच्या फेऱ्यांत गेला. जून महिन्यात शाळा उघडली आणि गणवेश शिवण्याची गर्दी सुरू झाली. पावसाळा तसाच संपला. दिवाळीच्या सुटीपर्यंत आजी काठी टेकत चालू लागली होती. "आता तरी लेकरांना घेऊन जा," असे तिनेच सांगितले. आत्या चार दिवस आमच्याकडे राहायला आली आणि आम्ही निघालो.

पहाटेची एसटी, मग रिक्षा असा प्रवास करून आम्ही उद्यानाच्या दाराशी पोचलो. भिंतीपलीकडे तो आकाशपाळणा खरोखरच फिरत होता. बाबांनी खिशातून तिकिटे काढली आणि खिडकीतल्या तरुणाच्या हाती दिली. त्याने ती उलटून पाहिली.

"काका, यांची मुदत तीस जूनलाच संपली आहे."

"मुदत? तुमचा माणूस तर केव्हाही या म्हणाला होता!"

त्या तरुणाने तिकिटाच्या मागच्या बाजूवर बोट ठेवले. तेथे अगदी बारीक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ छापलेली होती. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हते. मला येत होते, पण मी ती बाजू कधी पाहिलीच नव्हती.

तिकिटाचा दर आता एकशेसाठ रुपये झाला होता. बाबांजवळ परतीचे भाडे धरून तीनशे रुपये होते. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, आम्ही भरलेले पैसे जमा धरा. वरचा फरक माणशी चाळीस रुपये, तो मी देतो." तो तरुण भला होता. तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. "तसा नियम नाही, काका," तो खाली मान घालून म्हणाला. त्याने आम्हांला प्यायला पाणी मात्र दिले.

आम्ही रस्त्यापलीकडे एका झाडाखाली बसलो. आईने पोळी-भाजीचा डबा उघडला. भाऊ रडला नाही. आकाशपाळणा किती वेळा फिरतो, ते तो मोजत होता. एकवीसपर्यंत मोजल्यावर त्याने विचारले, "बाबा, तिकिटाची तारीख गेली, मग आपले पैसे कुठे गेले?" बाबांना उत्तर देता आले नाही.

आज मी शिक्षिका आहे. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी ही हकिकत सांगितली आणि मुलांना दोन गटांत बसवले. उद्यानाचा नियम योग्य होता की अयोग्य, यावर त्यांनी वाद घालावा, असे ठरले.

मला वाटले होते, सगळे आमच्याच बाजूने बोलतील. पण एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, उद्यान रोज किती माणसांसाठी माणसे कामाला लावायची, हे आधी ठरवत असेल. ज्याला वाटेल तेव्हा येऊ दिले, तर एकाच रविवारी सगळे येतील." दुसरा मुलगा म्हणाला, "विजेचे दर वाढतात, पगार वाढतात. दहा वर्षांपूर्वीच्या पैशांत आजचा खेळ कसा देणार? आणि एसटीची आरक्षित जागा घेऊन आपण गेलोच नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या तिकिटावर बसू देतात का?"

या बोलण्यात तथ्य होते. एखाद्या ठरावीक दिवसाची जागा आपल्यासाठी राखून ठेवली आणि आपण गेलो नाही, तर ती जागा वाया जाते. काल रिकामी गेलेली खुर्ची आज विकता येत नाही. पण आमच्या तिकिटांवर कोणताही ठरावीक दिवस नव्हता. आमच्यासाठी कोणी पाळणा रिकामा ठेवला नव्हता. आम्ही गेलो नाही, म्हणून उद्यानाचे काही नुकसान झाले नाही. उलट आमचे पैसे नऊ महिने त्यांच्याजवळ होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "बाई, पोस्टाचे तिकीटही तिकीटच असते. आमच्या घरी जुनी तिकिटे पडून होती. पोस्टाचा दर वाढला, तेव्हा आजोबांनी त्यांच्या शेजारी आणखी एक तिकीट चिकटवले. पत्र गेले." सगळा वर्ग हसला, पण मला त्याचे म्हणणे फार आवडले. माझे बाबा खिडकीपाशी हेच तर सांगत होते!

मग मी इतर देशांतील उद्यानांचे नियम शोधून मुलांना सांगितले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचे फार मोठे थीम पार्क आहे. ते १९७१ साली सुरू झाले. तेथे अनेक दिवसांची तिकिटे मिळत. पूर्वी त्यांतील न वापरलेले दिवस वाया जात नसत. चार दिवसांचे तिकीट घेऊन कोणी दोनच दिवस गेले, तर उरलेले दोन दिवस पुढे केव्हाही वापरता येत. २००५ साली हा नियम बदलला. तिकीट पहिल्यांदा वापरल्यापासून चौदा दिवसांत सगळे दिवस संपवावेत, असे ठरले. ज्याला मुदत नको असेल, त्याने जास्तीचे पैसे भरावेत, अशी सोय होती. २०१५ साली तीही बंद झाली. २०१८ सालापासून तर तिकीट घेतानाच तारीख सांगावी लागते आणि गर्दीच्या दिवसांचा दर जास्त असतो.

म्हणजे तेथेही नियम कडक होत गेले. तरीही एक गोष्ट त्यांनी सांभाळली. तिकीट अजिबात वापरलेले नसेल आणि त्याची मुदत गेली असेल, तर त्यासाठी भरलेली रक्कम नव्या तिकिटात जमा धरतात. वरचा फरक तेवढा ग्राहकाने द्यायचा. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हे त्याच कंपनीचे, १९५५ साली सुरू झालेले उद्यान आहे. तेथे १९८५ साली बक्षीस मिळालेले एक मोफत तिकीट एका बाईंनी जपून ठेवले होते. २०१७ साली त्यांनी ते दाखवले, तेव्हा त्यांना आत सोडण्यात आले. बत्तीस वर्षांनी! हे ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या.

कायदा काय म्हणतो, असेही मुलांनी विचारले. अमेरिकेत २००९ साली एक कायदा झाला. भेट म्हणून देण्याचे जे गिफ्ट कार्ड असते, त्यातील पैसे किमान पाच वर्षे चालले पाहिजेत, असे त्या कायद्याने ठरवले. मात्र केवळ प्रवेशासाठी असलेली तिकिटे त्यातून वगळली आहेत. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याची आठवण म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात. त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा २०२० साली लागू झाला. त्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे. ग्राहकावर अवाजवी अटी लादणारा करार अन्यायकारक ठरू शकतो. उद्यानाचे तिकीट किती दिवस चालावे, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही. पण तक्रार करायला जागा आहे. १९१५ या क्रमांकावर फोन करून कोणीही ग्राहक मदत मागू शकतो.

हे सगळे मी वर्गात सांगितले. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत राखून ठेवली होती, कारण ती सांगणे मला जरा जड जात होते.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत येत होतो. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. भाऊ अर्धवट झोपेत होता. एकदम त्याने विचारले, "बाबा, आपल्या दुकानातही तसेच लिहिले आहे ना?"

आमच्या दुकानात खरोखरच एक पाटी होती. 'एक महिन्याच्या आत कपडे न नेल्यास दुकानदार जबाबदार राहणार नाही.' भाऊ नुकताच वाचायला शिकला होता आणि दिसेल ती पाटी वाचत असे. आई त्याला गप्प करू लागली, पण बाबांनी हाताने तिला थांबवले.

दोन वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आल्या होत्या. त्यांनी दोन ब्लाऊज शिवायला टाकले होते आणि चाळीस रुपये आगाऊ दिले होते. मध्ये त्यांच्या यजमानांची बदली झाली. त्या वर्षभराने पावती घेऊन आल्या. तोपर्यंत बाबांनी ते ब्लाऊज दुसऱ्या एका गरजू बाईला देऊन टाकले होते. बाबांनी काही न बोलता पाटीकडे बोट दाखवले. त्या बाईंनी पाटी वाचली, पावती परत पिशवीत ठेवली आणि त्या निघून गेल्या. मी तेव्हा दुकानातच बसले होते.

"दुकान केवढेसे! सगळ्यांचे कपडे मी किती दिवस ठेवणार?" असे बाबा त्या वेळी म्हणाले होते. ते खोटे नव्हते. उद्यानाच्या साहेबांनाही त्यांची काही अडचण असेल. पण अडचण सांगणे वेगळे आणि दुसऱ्याचे पैसे ठेवून घेणे वेगळे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकान उघडले आणि ती पाटी खाली उतरवली. त्यांनी माझ्याकडून नवी पाटी लिहून घेतली. 'कपडे तीन महिन्यांत न्यावेत. त्यानंतर पत्राने कळवले जाईल. भरलेली रक्कम जमा राहील.' अक्षरे मोठी काढायला त्यांनी मला दोनदा बजावले. पावतीवरही ते हाताने तारीख लिहू लागले आणि देताना तोंडाने सांगू लागले. त्यांच्या दुकानात नियम होताच, पण तो गिऱ्हाइकाला आधी कळत होता, मुदत संपण्याची सूचना मिळत होती आणि पैसे बुडत नव्हते. एखादा नियम रास्त आहे की नाही, हे ठरवताना मी आजही या तीन गोष्टी पाहते.

मी हे सांगितल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. मग त्या मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "बाई, त्या बाई पुन्हा आल्या का?"

त्या पुन्हा आल्या नाहीत. पण पाटी बदलली त्याच दिवशी बाबांनी हिशेबाची वही काढली होती. त्या बाईंचे नाव शोधून त्यापुढे त्यांनी लिहिले, 'जमा रुपये चाळीस'. ती रक्कम त्यांनी कधी खोडली नाही. आमची चार तिकिटे त्याच वहीच्या त्याच पानात आहेत.