बर्कलेच्या नावाचं बक्षीस

वाशीम जिल्हा उंचावर आहे हे इथे राहून जाणवत नाही, नद्यांकडे पाहिलं की कळतं. काटेपूर्णा आपल्या डोंगरात उगवते आणि उत्तरेला पूर्णेला मिळून तापीच्या खोऱ्यात जाते. अडाण, अरुणावती पैनगंगेच्या वाटेने गोदावरीकडे वळतात. काटेपूर्णेचं धरण अकोला जिल्ह्यात, महानला. ते पाणी अकोला शहर पितं. आपली पोरंही अशीच जातात: बारावी झाली की पुसद, शेगाव, अमरावती, पुणे. जाणाऱ्यांचं मला दुःख नाही. जागा मिळूनही जे जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी जीव तुटतो.

15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, कचेऱ्यांतून विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार पडतो. फेट्यातले ते वृद्ध सर सगळ्यांच्या ओळखीचे. मला मात्र त्यांच्यातला विद्यार्थी आठवतो. लहान वयात वडील गेले, शिकवण्या करून बंगळूरला बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सपर्यंत पोचले. 1883 साली एल.सी.ई. या स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं.

हा बर्कले कोण? जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य अभियंता. 1850 मध्ये मुंबईत आला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावलेली गाडी त्याच्या देखरेखीखाली बांधलेल्या रुळांवरून गेली. त्यानंतर खंडाळ्याचा बोरघाट: पंधरा मैलांची चढण, पंचवीस बोगदे. तब्येत खचली म्हणून तो मायदेशी परतला आणि ऑगस्ट 1862 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी वारला. घाटातून गाडी सुरू झाली ती पुढच्या वर्षी. आपल्या वऱ्हाडातला कापूस ज्या फाट्याने मुंबईला जाऊ लागला, तो नागपूरपर्यंत पोचायला 1867 उजाडलं. ज्याने हे योजलं त्याने यातलं काही पाहिलं नाही. त्याच्या नावाचं बक्षीस मात्र वीस वर्षांनी एका पोरक्या मुलाच्या हाती पडलं. त्याच मुलाने पुढे खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. बर्कलेच्या त्या बोरघाटात हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी मेले. त्यांच्या नावाने कुठे काही नाही, हेही इथे लिहून ठेवायला हवं.

आणि नाव नसलेले अभियंते तर आपल्या गावोगाव आहेत. 1972च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर माणसं माती उपसत होती. खोदलेल्या खड्ड्याचं माप टेप लावून घ्यायचं, ते मोजमाप वहीत उतरवायचं, त्यावर मजुरी निघायची. माप चोख असेल तर घरी पुरेशी ज्वारी जायची. हात आखडला तर चूल अर्धी. रणरणत्या उन्हात, मस्टरवरच्या शेवटच्या बाईची मजुरी हाती पडेपर्यंत जागचा न हलणारा ओव्हरसियर माझ्या लेखी समाजसेवकच. त्याने बांधलेल्या पाझर तलावाच्या खाली आजही विहिरींना पाणी आहे. कोनशिला असलीच तर तिच्यावर नाव मंत्र्याचं. याची सही पिवळ्या पडलेल्या वहीत.

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथे अशा माणसांची घरं आहेत. वडिलांचं, आजोबांचं वर्षश्राद्ध येतं, पंगत उठते, चारशे माणसं जेवून जातात. त्या घरांना मी हात जोडून विनवतो: यंदा त्यातली निम्मी रक्कम बाजूला काढा, त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवा. शिक्षण शुल्काचा भार सरकारी योजना बऱ्याच अंशी उचलतात. अडतं ते पुढे: खोलीचं डिपॉझिट, मेसचे महिन्याचे पैसे, एसटीचं भाडं. कॅप राउंडला स्थापत्यची जागा मिळते आणि तेवढ्यावाचून पोर घरीच राहते, बहुधा मुलगी. म्हणून पैसे पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, निकालानंतरच्या सत्काराची वाट पाहू नका.

अट एकच घाला. ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती, त्यांनी बांधलेल्या तलावावर उन्हाळ्याच्या सुटीत तिने जावं. सांडव्याची पातळी घ्यावी, पिचिंगचे दगड कुठे निखळलेत ते टिपावं, आणि गाळ किती साचलाय ते मोजून ग्रामपंचायतीला लेखी द्यावं.