थैलीत किती?

नगरच्या आडते बाजारातील एका धान्याच्या पेढीवर दुपारच्या वेळी वर्दळ कमी असते. मुलाने हिशेब संगणकावर नेल्यापासून पेढीवरच्या दादाजींना त्या वेळात फारसे काम उरलेले नाही. म्हणून पाचवीतल्या नातीचे गणित त्यांच्याकडे आले. पाढ्यांत आणि तोंडी हिशेबात ती चांगली तयार होती. पावकी-निमकी तर दादाजींनी लहानपणीच तिच्याकडून घोकून घेतली होती. अडचण आली ती ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ या प्रकरणापाशी.

वहीत ओळ होती : ८ + ४ = □ + ५. नातीने चौकटीत १२ लिहिले. “७ लिही,” दादाजी म्हणाले. तिने खोडून ७ लिहिले. पुढची ओळ ६ + ९ = □ + ७. तिने १५ लिहिले. दादाजींनी पुन्हा उत्तर सांगितले. चौथ्या ओळीला तिचे डोळे भरून आले.

चहा घेऊन खाली आलेली तिची आई हे पाहत उभी होती. “मलाही इथूनच गणित सुटले, पप्पाजी,” ती म्हणाली. शाळेत असताना तिने एकदा वर्गात विचारले होते, “पण क्ष म्हणजे किती?” वर्ग हसला आणि शिक्षकही हसले. पुढे वाणिज्य शाखेला जाण्याची इच्छा असूनही, तिथेही अक्षरे भेटतील या धास्तीने तिने कला शाखा घेतली. आज घरच्या व्यवहारातील एक पैसाही तिच्या नजरेतून सुटत नाही. तरी ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य ती पंचवीस वर्षे बोलत आली. आता तेच वाक्य मुलीच्या तोंडी येऊ घातले होते.

नातीची चूक निष्काळजीपणाची नव्हती. चार वर्षे तिने बरोबरच्या चिन्हापुढे उत्तरच लिहिलेले पाहिले होते. त्या दोन आडव्या रेघांचा अर्थ तिच्या लेखी ‘आता उत्तर लिहा’ एवढाच होता. जगभरच्या लहान मुलांची हीच समजूत असते, आणि अनेक देशांतील शिक्षकांनी तिची नोंद केली आहे. दोन्ही बाजू सारख्या आहेत, हा त्या चिन्हाचा खरा अर्थ. तो व्यापाऱ्याच्या घरात तरी शोधायला लागू नये.

दुसऱ्या दिवशी दादाजींनी माळ्यावरचा जुना तराजू काढला. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून तो फक्त दिवाळीत वहीपूजनाला खाली येई. एका पारड्यात त्यांनी तूरडाळीची बंद पुडी आणि २०० ग्रॅमचे वजन ठेवले, दुसऱ्यात ५०० ग्रॅम. दांडी सरळ राहिली. “पुडीत किती?”

“तीनशे.”

“कशावरून?”

तिला सांगता येईना. दादाजींनी पुडीशेजारचे २०० ग्रॅम उचलले, तशी दांडी कलली. “दुसरीकडूनही काढा ना!” ती ओरडली. सबंध समीकरणशास्त्राचा पाया या ओरडण्यात होता. मग दोन सारख्या पुड्या आणि १०० ग्रॅम यांच्यासमोर ७०० ग्रॅम ठेवून झाले. दादाजींना मात्र गप्प बसणे सर्वांत जड गेले. ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या आधी बेरीज सांगितली, त्याला नात बोटे मोजत असताना तोंड मिटून बसायचे होते. मुलाचे चुकते याहून आपल्याला थांबवत नाही, ही आपल्याकडील वडीलधाऱ्यांची मोठी अडचण असावी. थांबवले नाही की आपण शिकवणी लावतो.

तिसऱ्या दिवशी तिने पुडीसाठी वहीत ‘पु’ लिहिले आणि लगेच थबकली. “किती ते ठाऊक नसताना लिहायचे कसे?”

दादाजींनी जुनी खतावणी उघडली. एखादी रक्कम आली, पण कोणाची ते कळले नाही, तर ती टाकून देत नाहीत आणि अंदाजाने कोणाच्या नावावरही चढवत नाहीत. ती उचंत खात्यात लिहितात. खुलासा होईपर्यंत ती तिथे राहते, बाकीचा हिशेब चालू राहतो. “तुझा ‘पु’ उचंतला आहे,” ते म्हणाले. नातीला हे पटले.

अज्ञाताला असे नाव देऊन ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ठाणांग सूत्राच्या दहाव्या ठाण्यात गणिताचे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत ‘जावंताव’ हे एक. संस्कृतात यावत्तावत्, म्हणजे ‘जितके असेल तितके’. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणित लिहिताना पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् हेच नाव दिले. पुढच्या अज्ञातांना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. क्षला घाबरणारे मूल निळ्या पुडीला घाबरत नाही.

त्याहीआधी, इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. त्या राज्यात आपला हा मुलूखही होता. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली. आपल्या घरांत स्तोत्रांची पुस्तके जपून ठेवलेली असतात, हा ग्रंथ क्वचितच दिसतो.

दादाजींनी त्यातील एक उदाहरण रात्री घरात सांगितले. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर माझ्याकडे तुम्हा दोघांच्या मिळून दुप्पट धन होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तिप्पट. तिसरा म्हणतो, पाचपट. तर थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

नात चिंचोके घेऊन बसली आणि ढीग मांडून मोडू लागली. तासाभराने ती झोपली. आई मात्र ओटा आवरून झाल्यावर तिची वही घेऊन बसली. थैलीसह सगळ्यांचे धन एकत्र धरले, तर पहिल्याच्या बोलण्यानुसार इतर दोघांकडे त्याचा तिसरा हिस्सा उरतो. दुसऱ्याच्या बोलण्यानुसार चौथा, तिसऱ्याच्या बोलण्यानुसार सहावा. मग एकूण धन २४ धरून पाहावे, असे तिने ठरवले. जोड्या निघाल्या ८, ६ आणि ४. त्यांची बेरीज १८, पण तीत प्रत्येक जण दोनदा मोजला गेला होता. म्हणजे तिघांचे मिळून ९. नवातून एकेक जोडी वजा करताच १, ३ आणि ५ मिळाले. चोविसातून ९ गेले, थैलीत १५. तिने ताळा घेतला : पंधरा आणि एक सोळा, आठाची दुप्पट. अठरा, सहाची तिप्पट. वीस, चाराची पाचपट. सकाळी तिने काही न बोलता पान सासऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा पुसला.

नातीने शंका काढली, “२४ च्या जागी ४८ धरले तर?” २, ६, १० आणि थैलीत ३०. तेही जुळले. धन कितीही असो, प्रमाण तेच राहते, हे तिचे तिनेच शोधले. मग तिला पाठशाळेतले अचौर्याणुव्रत आठवले. वाटेत पडलेली वस्तूही उचलायची नसते.

“दादाजी, पण थैली होती कोणाची?”

ग्रंथात याचे उत्तर नाही. दादाजींनी जरा विचार केला. “उचंतला टाक,” ते म्हणाले.