दुधाच्या हिशेबाखाली

26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाणी पडलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत, मीटरच्या खोलीत, एक पिवळं पिल्लू सापडलं. त्याची आई कुठे गेली ते कळलंच नाही. माझ्या आईनं त्याला जुन्या परकराच्या फडक्यात गुंडाळून वर आणलं आणि सोन्या म्हणून हाक मारली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे दुधाचे दात पाहिले. सहा-सात आठवड्यांचा असेल, म्हणाले. मग विचारू लागले: काय खातो, जंत पडले का, शी पातळ होते का, आणि होत असेल तर कधीपासून? ‘कधीपासून’पाशी आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. “ह्याला सांगता येत नाही, ताई,” ते आईला म्हणाले, “तुम्ही जेवढं बघाल तेवढंच मला कळणार.” घरी आल्यावर आईनं कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाखाली, बारीक अक्षरात लिहिलं: ‘सोन्या, जंताचं औषध’. त्या दिवसापासून गॅसचा सिलिंडर आणि सोन्याचं पोट एकाच चौकोनात राहू लागले.

प्रश्न आमचेही खूप असायचे. आज मांजर पाळणारे शेजारी मला तेच विचारतात. कान गरम लागतात, ताप असेल का? कानावरून काही कळत नाही. मांजराचं अंगच आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइट. मग अर्धी क्रोसिन देऊ का? नाही, कधीच नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनंही जीव जातो. घराबाहेर न जाणाऱ्या बोक्याला रेबीजची लस कशाला? दार एकदाच उघडं राहावं लागतं, म्हणून. नसबंदीला मात्र आजीचा विरोध होता. मुक्या जीवाला का छळता, म्हणायची. पण आवारातल्या बोक्यांची फाटलेली कानशिलं तिनंच रोज पाहिली होती. सातव्या महिन्यात ऑपरेशन झालं, तेव्हा रात्रभर त्याच्याजवळ तीच बसली.

मे 2011 मधला एक रविवार मी विसरूच शकत नाही. सोन्या सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, कळवळून ओरडायचा. शी अडली असेल असं समजून बाबांनी एरंडेलाची बाटली काढली. आई कालनिर्णयासमोर उभी होती. म्हणाली, “शी काल झालीय. काल सकाळपासून ट्रे ओला नाहीये.” जवळचा दवाखाना बंद. दोन रिक्षावाल्यांनी मांजर बघून नकार दिला, तिसऱ्यानं सायनपर्यंत नेलं. रिक्षाची हद्द तिथेच संपते. पुढे टॅक्सीनं परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय गाठलं. दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या पत्नीच्या नावानं हे उभं केलं. 1886 साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथेच सुरू झालं. सव्वाशे वर्षांत किती माणसं अशी कुशीत काहीतरी घेऊन त्या फाटकातून धावत आली असतील, असं मला तिथल्या झाडांखाली बसल्या बसल्या वाटत होतं.

“शेवटची शू कधी?” पहिला प्रश्न हाच आला, आणि या वेळी आईकडे उत्तर होतं. मूत्राशय मोसंबीएवढं टणक झालं होतं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खड्यानं किंवा चिकट साक्यानं ती बुजली की विष रक्तात साठतं, पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. आम्ही एरंडेल पाजत घरी बसलो असतो तर सोन्या सोमवार बघता ना. गुंगी देऊन नळी घातली, सलाईन लावलं. तो वाचला. घरात पाण्याच्या चार वाट्या आल्या, कोरडं खाणं कमी झालं आणि चौकोनांत रोज आकडा पडू लागला: ‘शू 3’.

2018 मध्ये तो खूप पाणी पिऊ लागला. मला बरं वाटलं, आईला नाही. तिनं वाट्या मोजल्या होत्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंडं थकली होती. बाबा एक दिवसाआड मानेमागची कातडी उचलून खाली सलाईनची सुई टोचायचे. पहिल्या दिवशी त्यांचे हात एवढे थरथरत होते की सोन्याच स्थिर बसून राहिला.

शेवटी आईनं डॉक्टरांना तो प्रश्न विचारला. अजून किती ओढायचं? ते म्हणाले, त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहा, आणि रोज बघा. आईनं लिहिल्या: खिडकीतलं ऊन, मासळी, बाबांची मांडी. 2019 च्या कालनिर्णयाची पानं खुणांनी भरली आहेत. ऑक्टोबरमध्ये फुल्या जास्त. खिडकीपर्यंतची उडी गेली, मग मांडीवर चढणंही.

नोव्हेंबरात एका दुपारी डॉक्टर घरी आले. सोन्या बाबांच्या मांडीवरच होता. त्याला उचलून ठेवलं होतं. ते पान मी जपून ठेवलंय. त्या दिवशीच्या चौकोनात दुधाचा हिशेब नाही. आईनं फक्त बरोबरची खूण केलीय आणि शेजारी लिहिलंय: ‘सकाळी अर्धी मांदेली खाल्ली’.