अंगठा लागला का?

बीएस्सी करून तालुक्याच्या गावात राहिलं की नोकरी निवडायची नसते, मिळेल ती धरायची असते. मला मिळाली एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रावर, पद ‘एमआयएस’. म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर सेंटर मॅनेजर सर म्हणाले, “शिकवायला ट्रेनर आहेत. तू फक्त पोर्टल सांभाळायचं.”

साल २०१८. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा दुसरा टप्पा चालू होता. २०१६ ते २०२० या चार वर्षांत १२,००० कोटी रुपये आणि एक कोटी तरुण, असं त्याचं उद्दिष्ट. त्यातले आमच्या वाट्याला आलेले तरुण म्हणजे मुख्यतः आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या सुना-लेकी. दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोन वर्ग, शिलाई मशिनी, भिंतीवर कॅमेरे आणि दारात बायोमेट्रिक यंत्र.

सुरुवातीला मला कोण कोणाचं हेच कळेना. आम्ही ‘टीसी’ म्हणजे प्रशिक्षण केंद्र, आमची संस्था ‘टीपी’ म्हणजे प्रशिक्षण भागीदार. तिच्या वर राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, त्याच्याही वर मंत्रालय. बाजूला सेक्टर स्किल कौन्सिल, परीक्षा घ्यायला आणखी तिसरीच एजन्सी. एका संध्याकाळी मी वहीत चौकोन काढले आणि कोण कोणाला जाब देतं ते बाणांनी दाखवलं. सगळे बाण वर गेले. शिकणाऱ्या बाईंच्या चौकोनाकडे एकही वळला नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी राहिलंय.

मग सरांनी पैशाचं गणित समजावलं. उमेदवारामागे तासाचा दर ठरलेला. त्यातले ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रं मिळाल्यावर आणि उरलेले २० टक्के नोकऱ्या लागल्यावर. म्हणजे शिकवणं संपेपर्यंत आणि परीक्षा होईपर्यंत ८० टक्के हिशेब मिटायचा. मोबिलायझर दादा बॅच भरायला गावोगाव का पळतात आणि नोकरीचा विषय निघाला की सगळे चहाला का उठतात, हे मला तेव्हा उमगलं.

हजेरीचं तर निराळंच. ७० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता यायचं नाही. नियम योग्यच. पण कापूस वेचून बोटं भेगाळलेल्या एक ताई रोज वेळेवर यायच्या आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखायचंच नाही. त्या पुसून, फुंकून पुन्हा लावायच्या. तेवढ्यात दुसरी एक मुलगी अंगठा लावून थेट मावशीकडच्या हळदीला जायची. संध्याकाळी पोर्टलवर ताई गैरहजर, ही हजर. सरांचा रोजचा प्रश्न एकच असायचा, “अंगठा लागला का?” त्यांनाही वरून तोच विचारला जायचा.

तपासणी होत नव्हती असं मुळीच नाही. तपासणीला येणारे फलकाचं माप बघत, लोगोची जागा बघत, कॅमेरा चालू आहे ना, स्वच्छतागृह आहे ना ते बघत. हे सगळं असायलाच हवं. पण एकदाच एक वयस्क साहेब एका मुलीच्या मशिनपाशी थांबले आणि म्हणाले, “बाळ, कॉलर लावून दाखव.” तिनं लावली, उलटी. साहेबांनी टाके उसवून पुन्हा लावायला सांगितली आणि ट्रेनर मॅडमना विचारलं, “सरावाला कापड किती मिळतं?” फार कमी मिळायचं. त्यांच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता.

खरा गोंधळ प्लेसमेंटला झाला. प्रमाणपत्रानंतर ९० दिवसांत ७० टक्के उमेदवार कामाला लागले तर शेवटचा हप्ता पूर्ण, ५० टक्क्यांच्या खाली गेले तर काहीच नाही. आमच्या गावात शिवणकामाची नोकरी देणार कोण? मग उरतो ‘स्वयंरोजगार’. पुरावा म्हणून मशिनसह फोटो. आलेले फोटो अपलोड करताना माझ्या लक्षात आलं, बायका वेगळ्या, पण मशिन तेच. चाकाजवळचा रंग उडालेला भागसुद्धा तोच. सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, “शेजारणीचं असेल. पुरावा आहे ना?” पोर्टलनं सगळे फोटो घेतले.

काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. हा प्रश्न आमच्या मजल्यापुरता नव्हता, हे नंतर वाचनातून कळलं. २०१६ मध्येच सरकारनं शारदा प्रसाद समिती नेमली होती. सगळे आकड्यांमागे धावताहेत, रोजगार मागे पडतोय, असं तिनं स्पष्ट म्हटलं होतं. प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांच्या व्यवस्थेत हितसंबंध गुंतल्याचंही दाखवून दिलं होतं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांचा अहवाल संसदेत आला. योजनेतल्या सुमारे ९५.९ लाख उमेदवारांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा, शून्य किंवा निरर्थक. काही ठिकाणी तर खाते क्रमांक म्हणून नुसती १ या आकड्याची रांग. वेगवेगळ्या उमेदवारांसाठी एकच फोटो वापरल्याचंही त्यात आहे.

लोकांना धक्का बसला. मला तो रकाना ओळखीचा वाटला. पासबुक घरी, बँक लांब, खातं नवऱ्याच्या नावावर आणि बॅच रात्रीच्या आत चढवायची, अशा वेळी तो कसा भरला जातो ते मी जवळून पाहिलंय. योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर नोकरी लागली की नाही याचा मागोवा घेणंच थांबलं. उमेदवारानं आपली वाट आपण निवडावी, हे त्याचं कारण. म्हणजे उत्तर अवघड होतं म्हणून प्रश्नच काढून टाकला.

माझं म्हणणं साधं आहे. रोजगार हमीच्या कायद्यानं ग्रामसभेला कामांचं सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला होता. तसंच प्रशिक्षणाचंही व्हावं. वर्षातून एकदा ग्रामसभेत यादी वाचावी: कोण शिकलं, त्यामागे सरकारनं किती रुपये दिले, ती व्यक्ती आज काय काम करते. ज्यांच्या नावानं पैसे निघाले त्या समोर बसलेल्या असतील. फोटोतलं मशिन कोणाचं, हे पोर्टलला ओळखता येत नाही. गल्लीतल्या कुठल्याही बाईला येतं.