तांबड्या पुळणीजवळची गाडी

सुनेनें सासऱ्यास मुलाविरुद्ध वकीलपत्र द्यावें, असा प्रसंग आमच्या घराण्यांत तरी पूर्वीं आल्याचें मला आठवत नाहीं. बर्मिंगहॅमनजीक चिरंजीवांकडे आम्ही उभयतां उन्हाळ्यांत गेलों असतां तो आला. चिरंजीवांनीं एक जुनी लँड रोव्हर गाडी घेण्याचें मनांत घेतलें होतें. सूनबाईच्या मनांत घराचें गळकें छप्पर होतें. आणि शिल्लक मात्र एकच होती. गाडी पाहावयास निघण्याच्या आदल्या रात्रीं सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, तुम्ही बरोबर जा. कोणीतरी 'नको' म्हणणारें जवळ हवें." मीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, मोटारीच्या शास्त्रांत माझी गति नाहीं. परंतु 'नको' म्हणण्याचा अभ्यास शाळामास्तरास पुष्कळ असतो, म्हणून तें काम पत्करलें.

गाडी होती वेल्सच्या वायव्य टोकास, अँगलसी बेटावर. टेलफर्डनें बांधलेला, 1826 सालीं खुला झालेला मेनाईचा झुलता पूल ओलांडला कीं बेट लागतें. रस्त्यावर जागोजागीं मोठ्या अक्षरांनीं 'आराफ' असें रंगविलेलें दिसलें. 'हळू' याचा हा वेल्श शब्द. इंग्रजीच्या इतक्या निकट राहून आपली भाषा डांबरावर सुद्धां लिहून ठेवणाऱ्या त्या लोकांविषयीं मला एकदम आपुलकी वाटली. बेटाच्या पूर्व किनाऱ्यास रेड व्हार्फ नांवाचा उपसागर आहे. त्याचें वेल्श नांव 'त्रायथ कोख', म्हणजे तांबडी पुळण. ओहोटीच्या वेळीं समुद्र दूर सरतो आणि दृष्टि पोंचेल तेथवर ओली वाळू चकाकत राहते.

या वाळूशीं त्या गाडीचें जन्माचें नातें आहे. रोव्हर कारखान्याचे मुख्य इंजिनियर मॉरिस विल्क्स यांची या बेटावर जमीन होती, आणि तीवर ते महायुद्धांतून उरलेली एक अमेरिकन जीप वापरीत. ती मोडल्यावर काय घ्यावें, या प्रश्नांतून नव्या गाडीची कल्पना निघाली, व 1947 सालीं त्यांनीं आपले बंधु स्पेन्सर यांस तिची आकृति याच पुळणीवर काढून दाखविली, अशी हकीकत सांगतात. त्या काळीं पोलाद मापून मिळे, म्हणून गाडीचें अंग अल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें. 30 एप्रिल 1948 रोजीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. वेळ निभावण्यापुरती काढलेली ही गाडी, रूपें पालटीत, 2016 च्या जानेवारीपर्यंत सॉलिहल येथें तयार होत राहिली. 2008 सालीं ही कंपनी आपल्या टाटांनीं विकत घेतली, हें मीं मोठ्या अभिमानानें विकणाऱ्या बाईंस सांगितलें. तें त्यांना ठाऊक होतें.

बाई सत्तरीच्या. यजमान दोन वर्षांपूर्वीं वारलेले, शेती पुतण्याकडे गेलेली. गाडी 1967 ची, हिरवी, दिवे अजून पुढच्या जाळींतच असलेली. तेथील कायद्यानें चाळीस वर्षांवरील, विशेष फेरफार न झालेल्या गाडीस वार्षिक तपासणीची सक्ती नाहीं. म्हणजे परीक्षा सर्वस्वीं गिऱ्हाइकाच्या गळ्यांत. शालिहोत्राच्या नांवावर चालणाऱ्या शास्त्रांत घोड्याचे दांत व भोंवरे पाहावयास सांगितलें आहे; येथें चिरंजीवांनीं प्रथम इंजिनावर हात ठेवला. तें थंड होतें. आधींच तापवून ठेवलेलें असतें तर सकाळीं सुरू होतांना काय खोड करतें तें झांकलें गेलें असतें. मग पुढच्या उजव्या कमानपाट्याच्या टोकाजवळ चॅसिसवर ठोकलेला क्रमांक कागदाशीं ताडून पाहिला. (नोंदणीचा तो कागद मालकीचा पुरावा नव्हे, असें त्याच्यावरच छापलेलें असतें; हा स्पष्टपणा मला आवडला.) नंतर ते गाडीखालीं शिरले व हातोडीनें सांगाडा वाजवूं लागले. अल्युमिनियमला तांब गंजत नाहीं, पण आंतला सांगाडा पोलादी. तो आंतून सडतो आणि वरचें अंग मात्र धडधाकट दिसतें. शिवाय दोन धातु ओलाव्यांत एकमेकांस चिकटून राहिले कीं अल्युमिनियमही झिजतें. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, सडक्याचा भद्द.

सांगाडा उतरला. माझ्या हातीं लोहचुंबक दिला होता. इंजिन व बैठक यांच्यामधील पडदी पोलादी असते. तेथें तो चिकटला पाहिजे. चिकटत चिकटत डाव्या दाराच्या खांबापाशीं आलों, आणि लोहचुंबक सुटून खालीं पडला. पुन्हां लावला, पुन्हां पडला. रंगाखालीं लुकण होतें. सूनबाईचें 'नको' माझ्या हातांत आयतें आलें, हें मी कबूल करतों.

बाईंनीं कांहीं न बोलतां घरांतून एक वही आणली. यजमानांची. तेल कधीं बदललें, भाग कोणता घातला, सगळें तारीखवार. पण सारें वेल्शमध्यें. आम्हां दोघांस त्यांतलें एक अक्षर कळलें नसतें. त्यांनीं चष्मा लावून शेवटची नोंद शोधली व इंग्रजींत आम्हांस वाचून दाखविली: डावा खांब तळाशीं गेला आहे, तूर्त भरून ठेवला, वसंतांत नवा पत्रा बसवावा. पुढचीं पानें कोरीं होतीं. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. चूक झांकणारीं पानें मी ओळखतों. ही बाई स्वतःच्या तोट्याची ओळ भाषांतर करून वाचीत होती.

शेतांत फेरी झाली. लाल मुठीचा दांडा मागें ओढतांच गाडी चारी चाकांनीं बैलासारखी चढ चढली. पहिल्या दोन दांतांना घातलें कीं कुरकुर, तेलाचे थेंब दोन ठिकाणीं; तेल ठिबकत नसेल तर तें आंत उरलेंच नाहीं, असें तिचे भक्त म्हणतात. 9,000 पौंड सांगितले होते. चिरंजीव माझ्याकडे पाहूं लागले. मी 'नको' म्हणालों नाहीं. खांबाच्या दुरुस्तीचे वजा करा, एवढेंच म्हणालों. 7,500 वर ठरलें. वही त्यांनीं ठेवून घेतली.

सूनबाईस फोनवर खांबासकट सगळें सांगितलें. बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "छप्पर दिवाळीच्या आंत. नाहींतर गाडी विकायची." चिरंजीवांनीं तें लिहून दिलें; साक्षीदार मी.

आठ दिवसांनीं गाडी आणली. दीडशेंहून अधिक मैल, आणि आवाज असा कीं बापलेकांस बोलतां आलें नाहीं. रात्रीं दाराशीं थांबलों. सूनबाई दिवा घेऊन बाहेर आली. फरशीवर तेलाचा पहिला थेंब पडला होता, त्याकडे तिनें पाहिलें, आंत गेली, आणि एक जुनें तसराळें आणून गाडीखालीं ठेवलें.